बोक्यासाठी दुय्यम स्रोत

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर खिडकीत एक बोका बसला आहे आणि तुम्हाला त्याचं चित्र काढायचं आहे. सगळ्यांत आधी काय लागेल? पुढच्या रांगेतून आवाज येईल, पेन्सिल. चूक. कागद? तेही चूक. मागे बसलेलं एखादं पोर दबकत म्हणेल, बोका. हे उत्तर तर इतकं चूक आहे की त्याला बाकावर उभं करायला हवं. चित्रासाठी सगळ्यांत आधी लागते ती प्रेरणा. प्रेरणेशिवाय जगात कोणतंही मोठं काम झालेलं नाही, आणि जी झाली ती नियमाला धरून नव्हती.

हे सत्य समता नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं. (तिचा दोष नाही. शाळा बंद होती.)

समता नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात राहायची. साल २०२०, महिना एप्रिल. ऊन असं लख्ख पडलं होतं की तिथल्या माणसांना आपलं काहीतरी चुकतंय असं वाटावं. पण कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, आणि रस्त्यात भेटलं तर दीड मीटर लांबून हसायचं, असा नियम होता. समताची आई नीलम जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसायची आणि पप्पा, म्हणजे राकेश, इस्त्रीच्या टेबलावर. फिरायला निघालेल्या मुलांना मोजायला काहीतरी असावं म्हणून लोकांनी खिडक्यांत टेडी अस्वलं बसवली होती. समताच्या गल्लीत माणसं सत्तेचाळीस होती आणि अस्वलं एकावन्न.

समताच्या खिडकीत मात्र अस्वल नव्हतं. तिथे पिम बसायचा. पिम हा केशरी रंगाचा, वजनदार, आणि डावा कान अर्धा फाटलेला बोका होता. तो समताचा नव्हता. शेजारच्या रीट ओमाचा होता. ओमा म्हणजे आजी. ही ओमा चौऱ्याऐंशी वर्षांची. फेब्रुवारीत ती जिन्यावरून पडली, मार्चमध्ये तिला गल्लीच्या टोकाच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर हलवलं, आणि आठवड्याभरात त्या वृद्धाश्रमाची दारं बाहेरच्यांसाठी बंद झाली. पिमला तिथे नेता आलं नाही म्हणून तो समताकडे आला. त्याला टोपलीत घालून ओमाच्या खिडकीखाली नेण्याचे दोन प्रयत्न झाले. पहिल्यात त्याने नीलमच्या हाताचा चावा घेतला. दुसऱ्यात तो वाटेवरच्या कुंपणात शिरला आणि जेवणाच्या वेळेला परत आला.

ओमा रोज सकाळी फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची: पिम आहे ना? समता म्हणायची, आहे. ओमा म्हणायची, बरं. पण त्या 'बरं'मध्ये दम नसायचा. सगळी माणसं तिच्याशी फार प्रेमाने बोलत, आणि फार प्रेमाने बोलणारी माणसं काहीतरी लपवत असतात हे तिला चौऱ्याऐंशी वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिचा सोफा मुलाने विकून टाकला होता आणि तो तिला सांगत होता की सोफा मजेत आहे. त्यामुळे पिमलाही परस्पर कुणाला तरी देऊन टाकलं असणार, अशी तिची खात्री होत चालली होती. फोटो पाठवून उपयोग नव्हता. जवळचं तिला सगळं पुसट दिसायचं. लांबचं मात्र, चर्चच्या घड्याळाचा मिनिटकाटासुद्धा, स्पष्ट.

नेमक्या याच वेळी नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाने मुलांसाठी चित्रस्पर्धा जाहीर केली. विषय: माझी खिडकी. मंडळाने वसंत मेळाव्यासाठी बेस्टमधलं वस्तीचं सभागृह घेतलं होतं. मेळावा रद्द झाला, पण सभागृहवाले म्हणाले, रस्त्याकडची भिंत मोकळी आहे, वाटल्यास महिनाभर काहीतरी लावा. तेव्हा पहिलं आलेलं चित्र अडीच मीटर उंच, प्लास्टिकच्या कापडाच्या फलकावर छापून त्या भिंतीवर लागणार होतं. आणि ती भिंत, मुलांनो, वृद्धाश्रमाच्या बरोबर समोर होती.

समताने त्याच दुपारी पिमचं चित्र काढलं. खिडकी, खिडकीत पिम, पिमचा फाटका कान. तास लागला. त्यातली वीस मिनिटं पिमला परत खिडकीत आणून बसवण्यात गेली.

आता मंडळाच्या कार्यपद्धतीबद्दल दोन शब्द, आणि ते आदरानेच बोलायला हवेत. मंडळाचे अध्यक्ष श्रीनिवासकाका हार्लेमला राहत आणि एका कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम पाहत. काम झालं की नाही याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. कशावरून झालं, याची नोंद हवी. मागच्या वर्षी एका मुलाचं चित्र फार चांगलं आलं होतं आणि ते कुठून उतरवलं हे समितीला अखेरपर्यंत शोधता आलं नाही. तेव्हापासून काकांनी एक तत्त्व मांडलं: जे कुठून घेतलं हे सांगता येत नाही, ते चोरलेलं असणार. म्हणून प्रामाणिकपणाची खूण म्हणून प्रत्येक स्पर्धकाने निदान एका मान्यताप्राप्त ठिकाणाहून घ्यावं आणि तसं लिहून द्यावं. यासाठी 'प्रेरणा पत्रक' तयार झालं. त्यात अकरा रकाने होते. चौथ्या रकान्यात प्रेरणेचा प्रकार लिहायचा: जाहिरात, समकालीन कला किंवा डिझाइन. (चौथा पर्याय नव्हता. 'इतर' हा रकाना ठेवला की लोक त्यात खरं लिहितात, असा काकांचा अनुभव होता.)

मुलांना प्रेरणा सहज मिळावी म्हणून समितीने एक ऑनलाइन सहलही काढली. संग्रहालयं बंद होती, पण त्यांची दालनं पडद्यावर फिरता येत. काकांच्या घरचं इंटरनेट त्या दिवशी जड चालत होतं. सहल पहिल्या दालनाच्या बाहेर अडकली आणि छत्तीस कुटुंबं पंचवीस मिनिटं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं पाहत बसली. शेवटी चिटणीस मृदुलामावशी म्हणाल्या की लाल रंगाचा इतका धीट वापर त्यांनी आजवर पाहिला नव्हता. सात मुलांनी वहीत नोंद केली.

समताने पत्रक स्वतः भरलं. चौथ्या रकान्यात तिने लिहिलं: पिम.

तिसऱ्या दिवशी पत्रक परत आलं. शेरा एनस्खेडेच्या विनायकदादाचा होता. तो तिथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही संदर्भ जोडायचा. शेरा असा: "पिम हा प्राथमिक स्रोत आहे. प्राथमिक स्रोतावरून थेट चित्र काढणे ही पद्धत फार जुनी झाली. कृपया दुय्यम स्रोत द्यावा."

समताने पप्पांना विचारलं, दुय्यम स्रोत म्हणजे काय? राकेश म्हणाला, म्हणजे पिमकडे बघून दुसऱ्या कुणीतरी काढलेलं चित्र. समता म्हणाली, पण पिमकडे मीच बघते. यावर राकेशने प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं.

राकेश हुशार होता. त्याने युक्तिवाद पाठवला की पिम आजच्या काळात जिवंत आहे, सबब तो समकालीन आहे. समितीने दोन बैठका घेऊन कळवलं: "समकालीन मान्य. कला अमान्य." मग त्याने डिझाइनचा मार्ग धरला: बोक्याची रचना पाहावी, एकही भाग अनावश्यक नाही. समितीने विचारलं की रचनाकाराचं नाव काय. राकेशने तो मार्ग सोडला.

राहिली जाहिरात. जाहिरातीतलं कळणारा एक माणूस घरातच होता, म्हणजे फोनवर: राकेशचे वडील, अकोल्याचे दादाराव. त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि हमरस्त्यावरच्या भिंती रंगवल्या होत्या. व्हिडिओ कॉल लागला. दादाराव बनियनवर बसले होते आणि त्यांना फक्त समताचं कपाळ दिसत होतं.

"बाबा," राकेश म्हणाला, "तुम्ही जाहिराती रंगवायचात, तेव्हा प्रेरणा कुठून घ्यायचात?"

"भिंतीकडून," दादाराव म्हणाले. "भिंत जेवढी लांब, तेवढी साबणाची वडी लांब."

"तसं नाही. म्हणजे डोक्यात पहिल्यांदा काय यायचं?"

"पहिल्यांदा रस्त्याच्या पल्याड जाऊन उभा राहायचो. बघणारा जिथून बघणार तिथून. एसटीतल्या माणसाला दिसलं तर ते चित्र, नाही तर नुसता चुना." मग त्यांनी कॅमेऱ्याच्या दिशेने मान वाकडी केली. "कोणाला दाखवायचंय गं तुला?"

"ओमाला," समता म्हणाली. "ती वर राहते. सेकंड फ्लोअर. तिला वाटतं पिम गेलाय."

"मग तिला ज्या खुणेनं ओळख पटंल, ती खूण मोठी काढ. बाकी जग बारीक राहिलं तरी चालतंय."

समताने त्याच दिवशी नवीन चित्र काढलं. खिडकी आता नावापुरती उरली. सगळ्या कागदावर पिम, त्यातही तोंड सगळ्यांत मोठं, आणि डाव्या बाजूला तो फाटका कान, एखाद्या डोंगराच्या तुटक्या कड्यासारखा. राकेशने हा सल्ला चौथ्या रकान्यात बसतो का ते पाहिलं. बसत नव्हता.

शेवटी नीलमने तोडगा काढला, आणि तोही भाजी चिरता चिरता. पिमच्या खाण्याच्या पाकिटावर मांजराचं चित्र असतंच की. जाहिरातच ती. तेच लिहून टाका. राकेशने पाकिटाचा फोटो जोडून पत्रक पाठवलं, आणि समितीकडून पहिल्यांदाच अभिनंदनाचं पत्र आलं. खाली एक किरकोळ त्रुटी नमूद केली होती. "पाकिटावरील मांजर करड्या रंगाचे, हिरव्या डोळ्यांचे व दोन्ही कानांनी परिपूर्ण आहे. स्पर्धकाचे मांजर केशरी असून एक कान अपुरा आहे. प्रेरणा व कलाकृती यांतील ही तफावत रविवारपर्यंत दूर करावी. तसेच राजाचा वाढदिवस तोंडावर असून देशभर त्याच्या घराण्याचा केशरी रंग लागलेला आहे. केशरी मांजरामुळे मंडळ राजघराण्याची जाहिरात करत असल्याचा गैरसमज होऊ शकतो."

राकेशने ते वाचून दाखवलं. मग खाकरून म्हणाला, "ग्रे केलं तर?"

"नाही," समता म्हणाली.

"रंगच तर आहे, बेटा."

"पप्पा, ते ग्रे केलं तर तो पिम नाही. ओमा म्हणेल, ही दुसरीच कुणाची तरी मांजर आहे. मग तिला वाटेल पिम खरंच गेला."

राकेश म्हणाला, बरोबर आहे तुझं. असं म्हणणारी मोठी माणसं, मुलांनो, नेहमी पुढे काहीतरी करतात. शुक्रवारी समता टॅबलेटवर गणिताच्या तासाला बसली असताना त्याने चित्र संगणकावर घेतलं, केशरीचं करडं केलं, डोळ्यांत हिरवा ओतला आणि उजवा कान उचलून, उलटा करून, डावीकडे चिकटवला. चार मिनिटं लागली. तो वाईट माणूस नव्हता. पोरीचं चित्र भिंतीवर लागावं एवढंच त्याच्या मनात होतं. फक्त कोणतं चित्र आणि कशासाठी, हे दोन तपशील गर्दीत मागे राहिले.

स्पर्धेला एकूण चौतीस चित्रं आली. त्यांतल्या तेहतीस चित्रांत खिडकी लाल, निळ्या आणि पिवळ्या चौकोनांची होती व मध्ये जाड काळ्या पट्ट्या होत्या, कारण 'डच कला' असं शोधलं की तेच पहिलं येतं आणि त्या तेहतीसही घरांत शोधणारे आईवडील एकाच, संगणकाच्या व्यवसायातले होते. (सात चित्रांत कोपऱ्यात आग विझवायचं नळकांडंही होतं.) परीक्षक थकले. चौतिसावं चित्र उघडलं तेव्हा मृदुलामावशींच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. समताला पहिलं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रात लिहिलं होतं: "अपूर्व स्वतंत्र प्रतिभा. मूळ पाकिटाशी तंतोतंत जुळते."

मेच्या पहिल्या आठवड्यात फलक लागला. समता आणि नीलम सकाळीच पाहायला गेल्या. भिंतीवर अडीच मीटर उंचीची करडी मांजर बसली होती. डोळे हिरवे, कान दोन, अगदी सारखे. समता तिच्याकडे बघत उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं. नीलमलाही हे ठाऊक नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग नीलमच्या खिशातला फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत रीट ओमा उभी होती, कानाला फोन लावून. समताने तो घेतला.

"सुंदर मांजर आहे," ओमा म्हणाली. आवाज फार सभ्य होता. "कुणाची गं?"

समताने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"असू दे, बाळा," ओमा म्हणाली. "मला कळलं. तुम्ही सगळ्यांनी खूप केलंत." आणि तिने पडदा ओढून घेतला.

घरी आल्यावर समताने राकेशला फक्त एवढंच विचारलं, की तू तो कान कुठून आणलास. राकेशने सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण मध्येच तो थांबला आणि लॅपटॉप उघडून समितीला शुद्धिपत्रक लिहायला बसला. विषय: फलकावरील बोक्याचा रंग व कान याबाबत. नीलम म्हणाली, आधी सभागृहवाल्यांची परवानगी घ्या. राकेश म्हणाला, आधी मंडळाचा ठराव लागेल. नीलमने विचारलं, ठरावाला किती दिवस लागतात? तो म्हणाला, बैठक झाली तर तीन आठवडे.

ही चर्चा चालू असताना समताने आजोबांना फोन लावला. दादारावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडून याहून विचित्र गोष्टी करून घेतल्या होत्या. त्यांनी विचारलं, रंग कोणता आहे तुझ्याकडे? शाळेने घरी पाठवलेला, समता म्हणाली, बाटलीतला. पाण्यात कालवायचा? हो. मग त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घाल, दादाराव म्हणाले, नाहीतर प्लास्टिकवर ठरणार नाही, ओघळून जाईल. आणि ब्रश? समताने कॅमेऱ्यासमोर आपला ब्रश धरला. दादाराव हसले. "एवढ्यानं मिशी होईल. मांजरीला झाडू घे."

तासाभराने समता भिंतीपाशी होती. राकेश शिडी घेऊन मागे आला होता. शुद्धिपत्रक अर्धवट टाकून आला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. समताने झाडू केशरी रंगात बुडवला आणि खालून सुरुवात केली. पंजे, छाती, गळा. दर चार फटकाऱ्यांनंतर ती झाडू खाली ठेवायची, रस्त्याच्या पल्याड जायची, खिडकीखाली उभी राहून बघायची आणि परत यायची.

माणसं जमायला लागली. दीड दीड मीटरवर, नीट रांगेत, जणू कुणी आखून दिल्यासारखी. एकाने फोन काढला म्हणून दुसऱ्याने काढला. सायकलवरून चाललेल्या एका बाईंनी उतरून विचारलं की हा कोणता कलाप्रकार आहे. मंडळातल्या कुणीतरी थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि हार्लेमहून श्रीनिवासकाकांचा लेखी प्रश्न आला: या कृतीमागील प्रेरणा काय, व ती कोणत्या रकान्यात धरावी?

समता शिडीवर चढली, राकेशने खालून शिडी धरली. तोंड केशरी झालं. हिरवे डोळे तिने तसेच राहू दिले, कारण तेवढं बारीक काम झाडूने होत नव्हतं. मग तिने खिशातून कात्री काढली आणि फलकाच्या वरच्या कडेला टेकलेल्या डाव्या कानाला एक चीर दिली. कापलेला तुकडा खाली लोंबला.

समोर दुसऱ्या मजल्यावर पडदा हलला. त्या खिडक्या वीतभरच उघडतात. त्या वीतभर फटीतून आधी चष्मा आला, मग नाक, आणि मग संबंध रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज.

"अजून," रीट ओमा ओरडली. "यापेक्षा जास्त फाटलाय त्याचा. बेकरीवाल्याच्या कुत्र्याने तोडलाय, मी होते तिथे. अजून काप."

गर्दीतून मोठा हशा आला आणि सगळे फोन एकदम खिडकीकडे वळले. राकेशचाही. असा क्षण पुन्हा येत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने दोन्ही हातांनी फोन धरला.

"पप्पा," समता वरून म्हणाली, "शिडी हलतेय."

मुलांनो, तुम्ही आता निश्चिंत व्हा, तुमचं काम झालं. पण ही गोष्ट ज्यांनी मोठ्याने वाचून दाखवली त्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांच्या हातात या क्षणी काय आहे. चांगली गोष्ट आहे, पुढच्या स्पर्धेला पोरांना उपयोगी पडेल, म्हणून त्यांनी एव्हाना पानाचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला असेल. टाकू द्या. तोवर समताने एका हाताने फलकाची कड घट्ट धरली, दुसऱ्या हाताने कात्री उघडली आणि ओमा पुरे म्हणेपर्यंत कान कापला.